व्याह्यांसाठी माशाचं डोकं

अल्माटी, २ मार्च

तीर्थरूप कोके यांस,
उलबोसिनचा सलाम वि. वि.

या पत्राबरोबर एक मोठं खोकं येतंय. रेल्वेच्या डब्यावर काम करणाऱ्या गुल्सिमताई ते स्वतः तुमच्या हाती देतील. फोनवर मुद्दामच बोलले नाही, कारण आई फोन स्पीकरवर लावते आणि मग ते अर्ध्या अराल गावाला कळतं. आत एअर फ्रायर आहे, तेलात न बुडवता गरम हवेवर पदार्थ खरपूस करणारं यंत्र. रागावण्याआधी पुढचं वाचा.

दारमेनचे आईवडील २६ तारखेला मला मागणी घालायला आपल्याकडे येताहेत. त्याच्या वडिलांचं, सापारबाय यांचं, गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर थोरल्या मुलाच्या सोयरिकीला गेले, तर तिथल्या यजमानांनी मेंढा कापून शेपटाची चरबी आग्रह करकरून भरवली. परतीचा प्रवास त्यांनी अँब्युलन्समधून केला. तेव्हापासून दारमेनच्या आईनं, राउझाकाकूंनी, पण केलाय. मला समोर बसवून शांतपणे सांगितलं की तुझ्या घरी माझ्या नवऱ्याच्या ताटात चरबी किंवा तळण आलं, तर मी त्यांना घेऊन पुढच्या गाडीनं परत येईन आणि या लग्नाचा विषय पुन्हा निघणार नाही. त्यांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, बोलतील तसं करतील.

तेव्हा मेंढा कापायचा नाही आणि तुमची कढई चुलीवर चढवायची नाही. मासळीच्या कारखान्यातून सुदाक माशाचे बिनकाट्याचे तुकडे आणा. फडक्यानं अगदी कोरडे करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही बाजूंना चमचाभर तेलाचा नुसता हात फिरवा. मीठ, मिरपूड, लाल तिखट, ठेचलेला लसूण आणि वाळलेला शेपू चोळा. यंत्र तीन मिनिटं रिकामं तापवा, मग तुकडे एकमेकांना न चिकटवता मांडा. दोनशे अंशांवर दहा मिनिटं. लिंबू शेवटी.

कोके, तुमची ही लेक एकोणतीस वर्षांची आहे. दारमेन मला हवाय, अगदी मनापासून हवाय, आणि सध्या सगळं तुमच्या हाती आहे.

तुमची माया आहे तशीच राहो.
उलबोसिन

*

अराल, ९ मार्च

चि. उलबोसिन हिस,
कोकेचे अनेक आशीर्वाद वि. वि.

खोकं पोचलं. गुल्सिमनं विचारलं की आत मोटारसायकलचं हेल्मेट आहे का. तुझ्या आईनं त्यावर लग्नातलं भरतकामाचं कापड घातलंय, त्यामुळे आल्यागेल्याला तेच घरातलं कर्तं माणूस वाटतं.

मी चाळीस वर्षं जाळं ओढलं. समुद्र आटत गाव सोडून गेला तेव्हा बल्खाश सरोवरावर जाऊन ओढलं, तो परत फिरला तेव्हा मीही फिरलो. मासा पाण्यातून निघतो तो थेट तेलात जातो, मधे कुठे थांबत नाही, एवढीच माझी अक्कल. आता तू म्हणतेस तो हवेतही शिजतो. बरं बाई.

पहिल्या दिवशी फडक्यानं पुसायचं मी मनावर घेतलं नाही. दहा मिनिटांनी जे बाहेर आलं ते आजारी माणसासारखं पांढरं होतं. मांजरानं माझ्याकडे बघत बघत खाल्लं. दुसऱ्या दिवशी तळाशी कागद घातला आणि यंत्र रिकामं तापवलं, तर कागद उडून वर चिकटला आणि जळाला. तिसऱ्या दिवशी मात्र सगळं तुझ्या पत्राबरहुकूम केलं. काय सांगू, वरून खरपूस, आत ओलसर, काट्यानं टोचलं की पाकळ्या सुटताहेत. मी चार तुकडे खाल्ले आणि तुझ्या आईला सांगितलं की ठीक आहे.

पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही, शहरात राहून येणारही नाही. त्या तुकड्याला डोकं नसतं. मागणी घालायला आलेल्या व्याह्यापुढे डोकं ठेवावं लागतं. मेंढ्याचं नाही तर माशाचं, आम्हा मच्छीमारांत तेवढं चालतं. बिनडोक्याचं ताट पुढे केलं आणि तो उठून गेला, तर मी त्याला बोल लावणार नाही. म्हणून काल पाच किलोच्या सुदाकचं डोकं तुझ्या यंत्रात बसवलं. बसलं, पण थोडं दाबावं लागलं. मग त्याचे सुळे वरच्या जाळीत अडकले आणि खण उघडेना, आणि तो आतून धूर सोडत आमच्याकडे बघत राहिला. शेजारच्या बेकमुरातला पेचकस आणायला सांगितलं, तर तो पेचकसाबरोबर चार माणसं घेऊन आला.

यंत्र शाबूत आहे. माझी अब्रू किती शाबूत आहे ते बेकमुरातला विचार.

तुझा,
कोके

*

अल्माटी, १५ मार्च

तीर्थरूप कोके यांस,
सलाम वि. वि.

पत्र दवाखान्यात ड्यूटीवर असताना वाचलं आणि इतकी हसले की मोठ्या नर्सबाई मला तपासायला आल्या. डोकं यंत्रात घालू नका. साध्या मिठाच्या पाण्यात उकडा, त्यात तेल नाही की चरबी नाही, आणि राउझाकाकूंची हरकत नाही. दारमेनकरवी विचारून घेतलंय.

आता खरी काळजी. दारमेन म्हणतो की बाबा जेवतील, छान म्हणतील, मग धक्का बघायचा म्हणून बाहेर पडतील. बाहेर पडले की कुठेतरी तळणीचा वास शोधतील आणि मागतील. मागतात तेही लहान मुलासारखं, डोळ्यांत पाणी आणून. तुमच्या धक्क्यावर बेकमुरातकाका दिवसभर मासे तळत असतात, मला काय माहीत नाही? आणि पाहुण्याला नाही म्हणायला तुम्ही जन्मात शिकला नाहीत.

सांभाळा. लोभ असू द्या, माझ्यावर आणि त्यांच्या हृदयावर.
उलबोसिन

*

अराल, २८ मार्च

चि. उलबोसिन हिस,
आशीर्वाद वि. वि.

दोघं आले आणि काल परत गेले. घडलं तसं लिहितो, मग तुला काय बोलायचं ते बोल.

ताट तुझ्या आईनं लावलं. मधे उकडलेलं डोकं, त्याच्या मागे यंत्रातले तुकडे एकाला एक लावून पुरा मासा केला. नुसती शेपटीच काय ती नव्हती. सापारबायनं डोकं पुढ्यात घेतलं, रीतीप्रमाणे एका गालाचं मांस काढून तुझ्या आईला दिलं, आशीर्वाद म्हटला. मग तुकड्यांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा असा पडला की मला माझ्याच घरात चोरट्यासारखं झालं. अल्माटीत रोज हेच खातो, हे त्यानं मला धक्क्याकडे जाताना सांगितलं. दोन दिवसांचा प्रवास करून तो समुद्राच्या गावी आला आणि पुढ्यात पुन्हा तेच यंत्र.

जेवणानंतर राउझाबाईंनी पिशवीतून रक्तदाबाचं उपकरण काढलं. त्याचा मोजला. मग मान राखायचा म्हणून माझाही मोजला. माझा त्याच्यापेक्षा जास्त निघाला. त्यांनी नुसतं तुझ्या आईकडे बघितलं, आणि तुझ्या आईनं माझ्याकडे. कढई आज कोठारात कुलपात आहे.

मग तो धक्का बघायला निघाला. मी बरोबर होतो. बर्फ फुटायला लागलंय, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो नाक वर करून थेट बेकमुरातच्या टपरीशी थांबला. कढईत गोबऱ्या तुकड्यांचा चुरचुर आवाज. म्हणाला, व्याही, एकच. मी नाही म्हणालो. म्हणाला, अर्धा. बेकमुरातनं मुकाट्यानं बशी पुढे केली. तो धंदाच करतो, त्याचा दोष नाही. सापारबायचे डोळे भरले, अगदी तू लिहिलं होतंस तसे. म्हणाला की माझ्या बापानं मला सांगितलंय, ज्या घरात पाहुण्याला अन्न नाकारतात त्या घरची मुलगी आणू नये. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याच्या हातून मी बशी काढून घेतली. म्हणालो की माझ्या पोरीच्या लग्नात तुम्ही मला ताटापुढे बसलेले हवे, भिंतीवरच्या फोटोत नको. तो तुकडा मी बेकमुरातच्या कुत्र्याला टाकला.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. गाडीत चढतानाही नाही. राउझाबाईंनी फक्त मान लववली. लग्नाचं अक्षरही निघालं नाही. उलबोसिन, तू सांगितलंस तेच मी केलं, आणि तुझं लग्न मोडून बसलो की काय कळत नाही.

तुझा,
कोके

*

अल्माटी, ९ एप्रिल

स्नेही व्याही तुलेगेन यांस,
सापारबायचा सलाम वि. वि.

हे पत्र बायको शेजारी बसून लिहवून घेत नाही, माझं मी लिहितो. एवढं आधी सांगतो, म्हणजे पुढचं खरं मानाल.

किझिलोर्दा स्टेशनापर्यंत मी तुमच्या नावानं बोटं मोडली. कंजूष म्हणालो, वाळवंटातला माणूस म्हणालो. शेवटी बशीची हकिकतही सांगून टाकली, म्हटलं आता हिलाच राग येईल आणि सोयरीक मोडेल. ती खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं झोपली. बघतो तर रडत होती. मला म्हणाली की ऑपरेशननंतर आपण सतरा घरी जेवलो. सगळ्यांनी तुमचा मान सांभाळला. तुम्हाला सांभाळणारा हा पहिलाच. मी तिला तेहतीस वर्षं ओळखतो, ती रडत नाही. तिथंच मी तुमच्या नावानं बोटं मोडणं थांबवलं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी लग्न धरलं आहे. तुमची हरकत नसेल तर मुलीला तुम्हीच कळवा. ती तीन वेळा आमच्या दारापर्यंत येऊन, बेल न वाजवताच परत गेली, असं शेजारी सांगतात.

मांडवात पाचशे माणसं मेंढा खातील. आपलं दोघांचं ताट वेगळं असेल, आपल्या बायकांनी फोनवर ठरवूनही टाकलं आहे. दोनशे अंशांवर दहा मिनिटं. त्या दिवशी तुम्ही माझे पाहुणे, म्हणून डोकं तुमच्यापुढे ठेवीन. पाण्यात उकडलेलं, मीठ कमी. त्याच्या एका गालाचं मांस काढून तुम्ही मला द्यावं, एवढंच मागणं आहे, आणि या वेळी नाही म्हणू नका.

आपला,
सापारबाय