आत्याबाई दार उघडत नाहीत

३ फेब्रु., मंगळ.
आज गेमच्या ऑनलाइन दुकानात आमच्या 'काळी वेस'खाली खेळणाऱ्यांचा शेरा उमटला: संमिश्र. धड शिवी नाही, धड शाबासकी नाही. चार वर्षं या गेमची गोष्ट लिहिली, त्याचं हे फळ.

अर्धे म्हणतात लढाई झकास, गोष्ट भंगार. उरलेले म्हणतात गोष्टीसाठी खेळलो, लढाई म्हणजे नुसती बटणं बडवणं. एकमत फक्त आमच्या म्हातारीवर, गेममधल्या आत्याबाईंवर. "तलवार मस्त, बुढ़िया सायको." "टिफिन का हिसाब कौन रखता है भाई?" एकाने तर आत्याबाईंचं चित्र उलटं टांगून खाली जे लिहिलंय ते इथे उतरवणार नाही. वाचून शिसारी आली. तरी जेवण सोडून वाचत बसले, हे जास्त वाईट.

४ फेब्रु., बुध.
ऑफिसात सुतकी कळा. परदेशीपुऱ्यातला आमचा माळा, खाली पॅकिंगवाल्याची मशीनं खडखडतायत, आणि वर सगळे तेच शेरे वाचत बसलेत. अंशुलने सगळ्यांसाठी पोहे मागवले. पोहे उरले. इंदुरात पोहे उरले म्हणजे काय ते समजून घ्यावं.

अं. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण मालक. त्याने सगळ्यांसमोर माझी गोष्ट मलाच सांगितली. जणू मी आजच भरती झालेय.
"गौरीजी, पहले चैप्टर में आत्याबाई अपनी हीरोइन गिरिजा को खाना देती है, डब्बे में. खाना खाया, ताक़त आई, डब्बा लौटाया. ठीक? आख़िर में शहर जल रहा है, गिरिजा घायल भाई को पीठ पे लाद के उसी दरवाज़े पे आती है. डब्बा भर के लौटाया था तो दरवाज़ा खुलेगा, भाई बचेगा. खाली लौटाया था तो भाई चौखट पे मरेगा. और ये बात पूरे गेम में किसी ने बताई नहीं. सही?"
"सही."
"क्यूँ नहीं बताई?"
सांगायचं काय त्यात? शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, हे कुणी कुणाला सांगतं का? काही नसलं घरात तर चिमूटभर साखर घालावी. आमच्या साताऱ्यात तर हे चालायला लागायच्या आधी कळतं.

५ फेब्रु., गुरु.
तन्वीमुळे उलगडा झाला. लढाया तीच बसवते. लोखंडे गल्लीतली मराठी पोर, पण बोलते इंदुरी.
"ताई, टेस्टिंगमध्ये अपन सगळ्यांनी भरूनच दिला होता ना. मी, जयेश, तो देवासवाला, तुम्ही. कुणी बोललं पण नव्हतं. खाली कौन देता है?"
खरंच की. कुणी पेरू घातले, कुणी जंगलात सापडलेला मध. जयेशने तर भालाच कोंबला होता, ती चूक दुरुस्त करावी लागली. पण रिकामा कुणीच दिला नाही. त्यामुळे बंद दाराच्या प्रसंगापर्यंत खेळत खेळत आमच्यातला एकही माणूस पोचला नाही. तो मी एका दुपारी खरडला होता. 'नाही दिलं तर काय' याला काहीतरी हवं म्हणून. ती अडगळीची खोली होती. आता सगळी दुनिया तिथेच राहायला आलीय आणि घर घाण आहे म्हणून ओरडतेय.

आम्हाला कुणालाच वाटलं नाही की जगात लोक डबा रिकामा देतात. इतके कसे आम्ही बावळट?

७ फेब्रु., शनि.
अं.ची तोड: पहिल्याच चॅप्टरमध्ये पाटी झळकवायची. 'डब्बा भरकर लौटाएँ. इनाम पाएँ.'
इनाम! म्हटलं, मग थेट दुकान मांड, एक पेरू घ्या, एक भाऊ घ्या. तो हसला. मी नाही हसले. बरंच बोलले, तेही मराठीतून. म्हणजे निम्मं त्याला कळलं नसावं, पण सूर कळला.
शेवटी ठरलं ते असं: सोळा तारखेला, सोमवारी, दुरुस्तीची नवी आवृत्ती जाणार. शेवटचा प्रसंग मी हवा तसा बदलावा. नाही बदलला तर पाटी. "फिर मुझसे मत लड़ना, गौरीजी."
लढणारच.

८ फेब्रु., रवि.
सुमनकाकूंकडून तळलेल्या कंदाचे गराडू आले. समोरच्या फ्लॅटमधल्या. बँकेतून रिटायर झाल्या तरी बोलणं अजून काउंटरच्या पलीकडून. सासऱ्यांचे वडील होळकरांच्या दफ्तरात होते हे मला आतापर्यंत शंभरदा सांगून झालंय. मी सुदामा नगरात राहायला आले त्या संध्याकाळी, सामान उतरत असतानाच, यांनी डबा आणून हातात दिला होता. आत्याबाई म्हणजे काकूच. नाक, चष्मा, रागावल्यासारखं प्रेम, सगळं उचललंय. त्यांना सांगितलंही होतं. "माझा फोटो चांगला काढ हो," एवढंच म्हणाल्या.
डब्यात आईने पाठवलेले कंदी पेढे घालून परत दिला.

दुपारी एक बरं वाचायला मिळालं. कुणा मुलीने लिहिलंय, आईची सवय म्हणून डब्यात बोरं घालून दिली, विसरूनही गेले, शेवटी दार उघडलं तेव्हा हुंदका आला. चारदा वाचलं. तिच्या खालीच एकाचं उत्तर: "रोतलू." रडूबाई म्हणे! लगेच बंद केलं.

१० फेब्रु., मंगळ.
किळस. दुसरा शब्द नाही.

एका पोराचा व्हिडिओ धडाधड फिरतोय. 'म्हातारीच्या डब्यात कचरा टाका, बेस्ट एंडिंग घ्या.' बरोबर आहे त्याचं. डब्यात काय घातलं हे आम्ही तपासत नाही, काहीतरी घातलं एवढंच पाहतो. मी आणि तन्वीनेच मोठ्या मनाने ठरवलं होतं. गरिबाने चिमूट साखर घातली तरी चालावी म्हणून. आता लोक मेलेल्या उंदरांच्या शेपट्या घालतायत. तुटके बाण, राक्षसाचं आतडं. आत्याबाई झाकण न उघडताच हसून म्हणतात, "असू दे गं, कशाला एवढं." आणि तो पोरगा खुर्चीतून पडेस्तोवर हसतो. खाली हजारो लोक हसतायत.
ते वाक्य काकूंचं आहे. पेढे दिले की अगदी असंच म्हणतात.

मुलीची बोरं आणि याच्या शेपट्या, दोघांना एकच दार उघडतं. मीच तशी सोय केलीय.

११ फेब्रु., बुध.
शेरा सुधारला. आता 'बहुतांशी अनुकूल'. शेपट्यांच्या जिवावर! ऑफिसात समोसे आले, आणि संपले.

१२ फेब्रु., गुरु.
लिहिलं. एका बैठकीत. आत्याबाई झाकण उघडतात, वास घेतात, आणि सगळा कचरा गिरिजाच्या तोंडावर फेकतात. शेवटी शहर पेटल्यावर दार तर बंदच, वर आतून आवाज: "तुझ्या शेपट्यांकडे जा. त्या वाचवतील भावाला." लिहिताना इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. चाखा म्हणावं.

१३ फेब्रु., शुक्र.
अं.ला वाचून दाखवलं. वाटलं होतं नाही म्हणेल, मग भांडता येईल. तर म्हणे, "गुस्से वाली बुढ़िया! ग़ज़ब भिया! ये तो वायरल जाएगा." पाटी रद्द. हेच जाऊ दे सोमवारी.
मला हवं ते मिळालं आणि तोंड कडू झालं. याला राग दिसत नाही, तमाशा दिसतो.
तन्वीला विचारलं तर म्हणे, "बराबर है ताई. बस ती आत्याबाई नाही वाटत."

१४ फेब्रु., शनि.
काकूंना दाखवायला लॅपटॉप घेऊन गेले. खरं सांगायचं तर माझ्या बाजूने कुणीतरी बोलावं म्हणून गेले. आधी त्या पोराचा व्हिडिओ लावला. वाटलं संतापतील. काकू शेपट्या बघून हसल्या!
"शैतान आहे. आमचा बंटी बचपनमध्ये असाच होता. माझ्या पोळीच्या डब्यात मेंढक ठेवला होता."
"मग काय केलंत?"
"काय करणार? डब्बा घासला आणि त्याला पोळी दिली. भूखा थोडी ठेवणार?"
मग बंद दाराचा जुना प्रसंग दाखवला, सध्या आहे तो. भाऊ उंबऱ्यावर मरतो तो. काकूंनी चष्मा पुसला, परत बघितला.
"ही दार का नाही उघडत?"
"तिनं डबा रिकामा परत केला होता ना."
"एवढ्यावरून? बाहेर शहर जळतंय, लेकरू मरतंय, आणि ही डब्ब्यावरून रुसून बसली?"
"काकू, रीत आहे ना ती. तुम्हीच..."
"रीत घेणाऱ्यानं पाळायची गं. देणारी कधी झाकण उघडून बघते का? जी मोजून देते ती आत्याबाई कसली, ती सावकारीण." आणि मग एकदम, "ही मी आहे होय? मी नाही हो अशी. माझं नाव काढ त्यातून."
सोमवारी जाणारा प्रसंग दाखवलाच नाही. लॅपटॉप मिटला. चहा न घेता आले.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र.
काकूंचा राग आलाय. त्यांना काय कळतं गेममधलं? दार सगळ्यांनाच उघडायचं तर मग डबा द्यायचा तरी कशाला? काही केलं तरी चालतं, हेच तर तो शेपट्यावाला सांगतोय.

तरी साबुदाण्याची खिचडी केली आणि डबा भरून त्यांना देऊन आले. उपास आहे त्यांचा. दारातूनच परतले.

१६ फेब्रु., सोम.
निघायच्या घाईत बेल वाजली. काकू, हातात पिशवी, माझा डबा.
"घे गं. रिकामाच देतेय. घरात काही नाही बघ, आणि खाली ऑटोवाला हॉर्न मारतोय. देवासला चाललेय, वन्संना अ‍ॅडमिट केलंय." मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ही चाबी ठेव. तुळशीला पाणी घाल, आणि दूधवाल्याला नाही सांग." गेल्यासुद्धा.

रिकामा आहे असं सांगून गेल्या, तरी मी झाकण उघडून पाहिलं. धुतलेला, अजून ओला. आणि मला राग आला. खोटं कशाला लिहू? काकूंनी? मला? चमचाभर साखरही सापडली नाही? जिन्यातून त्या वळून बघतील आणि मी तोंड फिरवीन, इथपर्यंत मनात येऊन गेलं. त्यांची नणंद दवाखान्यात, आणि मी डब्यात वाकून बघतेय. दुसऱ्या हातात त्यांच्या अख्ख्या घराची किल्ली. आठवडाभर दुसऱ्यांची येत होती ती शिसारी आज स्वतःची आली.

ऑफिसात फाइल उघडली. कचरा फेकण्याचा प्रसंग पुसला. 'तुझ्या शेपट्यांकडे जा' पुसलं. हात थांबला तो दाराच्या प्रसंगावर. तन्वी मागे उभी होती.
"सबको खोल देणार, ताई? मग डब्ब्याचा काय मतलब?"
तेच तर. मला तरी कुठे कळलंय? बोरंवाल्या मुलीला उघडायचं, यात प्रश्नच नाही. रिकामा देणाऱ्याला उघडायचं, हे आज सकाळी कळलं. पण तो खिदळणारा पोरगा? त्यालाही? बंटीच्या बेडकावर काकू हसू शकतात, त्या काकू आहेत. मला अजून त्याचं हसू ऐकलं की मळमळतं.

अं. दोनदा डोकावून गेला. "गौरीजी, भेजूँ?" संध्याकाळपर्यंत थांब म्हटलं. लॅपटॉप उचलून घरी आले.

पाचच्या सुमाराला देवासहून फोन. नणंद बरी आहे. "तुळशीला पाणी घातलंस का?" घातलं नव्हतं. लगेच गेले, घातलं. आता काकूंच्याच स्वयंपाकघरात बसलेय. ओट्यावर त्यांचे डबे एकात एक घालून ठेवलेत. त्यातला एक माझा निघाला, कधी परत द्यायचा राहिला कुणास ठाऊक. दोघींपैकी कुणाच्याच लक्षात नाही.

अं.चा फोन वाजतोय. वाजू दे.

लिहून झालंय ते एवढंच: शहर पेटलंय. गिरिजा दार ठोठावते. आत कडी वाजते. पुढे अजून लिहायचंय.