लक्षद्वीपला जायचं ठरतंय

८ सप्टेंबर १९९५
डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "डाग आहे, तो राहणारच. पण फुप्फुस छान उघडलंय." दोन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात पाठीतून सुई घालून त्यांनी माझ्या छातीतलं पाणी काढलेलं. तेव्हा जिना चढायलासुद्धा सुधीरचा खांदा लागायचा. श्वासाचे व्यायाम यांनीच दिले, पोहायला यांनीच पाठवलं. आभार मानायला गेले तर रडूच आलं. नौपाड्यातून घरापर्यंत चालत आले. रिक्षा नको वाटली.

१२ सप्टें.
हेमाला एक्स-रेचं सांगितलं. ऑफिसात आमची टेबलं शेजारी. स्विमिंग पूलवर मी कठडा सोडत नव्हते तेव्हा हिनेच हात धरलेला. कोलशेतची कोळ्यांची मुलगी, पाण्यात घरच्यासारखी वावरते. आता आम्ही दोघी श्वास धरून तळापर्यंत बुडी मारतो. पाठीवर सिलिंडर वगैरे काही नाही, फक्त आपला दम.
म्हणाली, चल मग, लक्षद्वीप. तिचा भाऊ जहाजावर असतो, तो जाऊन आलाय. म्हणे पाणी इतकं नितळ की होडीची सावली खालच्या वाळूवर पडते. त्याने आणलेला बुडी मारायचा मास्क मला देऊन टाकला तिने. असाच.

२ ऑक्टो.
कल्याणहून गाडी, कोचीहून जहाज, त्याआधी परवाना. हेमा सगळं विचारून आली. जानेवारीत जायचं. सु. ने अ‍ॅटलास काढला. बेटं शोधून शोधून सापडली. म्हणाला, छापताना शाई उडाल्यासारखी दिसतायत. स्वतः येणार नाही. पाण्याची भीती, लहानपणापासून. तुम्ही दोघी जाऊन या म्हणाला. किती सहज म्हणाला. माझ्या मैत्रिणींचे नवरे...
असो. नशीबवान आहे मी.

२८ ऑक्टो.
काल पूलवर खाली गेले. तळाच्या फरश्या, शांत, अगदी बरं वाटत होतं, अजून थोडं राहू असं... आणि मग एकदम आकाश आणि हेमाचा चेहरा. मधलं काहीच आठवत नाही. पाण्यातच शुद्ध गेली. हेमा वरून बघत होती, तिने ओढून काढलं. ती कितीतरी वेळ नुसती माझं मनगट धरून बसलेली.
ती होती म्हणून हे लिहितेय.

३० ऑक्टो.
सु. ला सांगितलं. ओरडला नाही. अ‍ॅटलास कपाटावर ठेवून आला, मग समोर बसला.
"तू आजारी होतीस तेव्हा मी तुझा श्वास ऐकत बसायचो. चालू आहे ना एवढंच. आणि आता तू तो मुद्दाम बंद करतेस."
प्रवास रद्द, असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

४ नोव्हें.
सु. आणि मी डॉक्टरांकडे. चांगलीच कानउघाडणी झाली. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतले की दम जास्त टिकतो असं आम्हा दोघींना वाटायचं. तेच चुकतं, म्हणाले. श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि माणूस बेशुद्ध होतो. ते बंद. कान किंवा छाती दुखली की वर. आणि एक जण खाली असेल तेव्हा दुसऱ्याने वरून नजर हलवायची नाही.
जाऊ नका असं मात्र म्हणाले नाहीत.


१९ नोव्हें.
दोन आठवडे सु. सकाळी लवकर बाहेर पडतोय. चालायला जातो म्हणायचा. दोरीवर ओला टॉवेल. आज विचारलंच नाही, सरळ पूलवर गेले. उथळ बाजूला शाळकरी पोरांच्या रांगेत हा, कठड्याला धरून पाय मारतोय. मिशीतून पाणी गळतंय. मला बघून आधी ओशाळला.
मग म्हणाला, "तुम्ही दोघी थकाल. वरून बघायला तिसरं कुणीतरी नको का?"
मी काठावर बसून राहिले.

१७ डिसें.
सु. आज पालथा तरंगला. पाण्यात तोंड, डोळे उघडे. भीती गेलेली नाही, पण तो म्हणतो की ती आता त्याच्याबरोबर पोहते.
दुपारी तिघं हेमाकडे कोलशेतला. आमच्याकडे मासे चालत नाहीत हे विसरून तिच्या आईने प्रवासाला सुके बोंबील बांधून दिले. निघताना माझ्या गालावरून हात फिरवला. "एकली नको उतरू गो पान्यान." नाही उतरणार, म्हटलं. बोंबील हेमाच्या पिशवीत.

५ जाने. १९९६
परवाने आले. तिघांचे. सु. ने अ‍ॅटलास पुन्हा खाली काढला.

१६ जाने., कोची
वारा आहे म्हणून जहाज थांबलंय. उद्या सुटेल की परवा, कुणी नक्की सांगत नाही. सु. धक्क्यावर परत परत विचारून येतो. मला मात्र इथवर आलो हेच खूप वाटतंय. जिना चढता येत नव्हता मला.
संध्याकाळी तिघं पाण्याकडे बघत बसलेलो. सु. ने विचारलं, "तू खाली गेलीस की मला वरून काय दिसेल?"
हेमा म्हणाली, पाठ. लहान लहान होत जाणारी.
तो उठून कडेपर्यंत गेला, खाली पाण्यात डोकावला. मग म्हणाला, "वर येताना तोंड दिसेल ना."
हो म्हटलं.
जहाजाचं अजून कळलेलं नाही.