मांडीतल्या गाठीचं कुळ आणि आमची अक्षता

तीर्थरूप कल्लप्पाअण्णांना सोलापुराहून धाकट्या सोमशेखरचे शरणु शरणार्थ.

तुमचे गुडघे काय म्हणतात? सुंदरम्मावहिनींचा दमा यंदाच्या थंडीत आवरलाय ना? आम्ही हितं सगळे सुखरूप आहोत. फोन सोडून याने कागद का काढला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी अक्षताचं नाव काढलं की अक्कलकोटची रेंज जाते, हे मला पाच वर्षांपासून ठाऊक आहे. कागदाची रेंज जात नाही.

पाच वर्षांपूर्वी तिने पॅथॉलॉजी घेतली, तेव्हा तुम्ही भरल्या पंगतीत विचारलं होतं, की पोरगी डॉक्टर झाली आणि पेशंटला हात लावणार नाही, मग ती करणार तरी काय. त्या वेळी मीही मान खाली घालून गव्हाची गोड हुग्गी खात राहिलो. (दुकानात कोणी विचारलं तर 'मोठ्या दवाखान्यात असते' एवढं बोलून मी पुढची चादर उलगडायचो.) आता ऐका.

दिवाळीच्या सुमारास माझ्या उजव्या मांडीत एक गाठ लागली. आधी लिंबाएवढी होती, मग मोसंबीएवढी झाली. दुखत नव्हती म्हणून मी कुणाला बोललो नाही. पण गादीवर मांडी घालून बसलो की मी एका अंगाला कलायचो. महिनाभर अक्षताच्या आईला, धनलक्ष्मीला वाटत होतं की गादीच फुगलीय. तिने कापूस पिंजणारा बोलावला, गादी सपाट करून घेतली, तरी मी आपला वाकडाच. मग खरं बाहेर पडलं. अक्षताने मला हाताला धरून तपासणीला नेलं. तिथल्या एमआरआयच्या मोठ्या मशीनच्या रिपोर्टात मला एकच शब्द वाचता आला, 'सार्कोमा'. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, ते काही मी वाचलं नाही.

अण्णा, मी घाबरलो नाही. फक्त आवराआवर केली. दुकानाच्या किल्ल्या धनलक्ष्मीकडे दिल्या, आणि शेजारच्या चन्नवीरला माझी स्कूटर देऊन टाकली. (तो नको नको म्हणत होता, पण दुसऱ्या दिवशी तिला नवं सीट बसवून आला. आता मी माझ्याच स्कूटरवर त्याच्या मागे बसून बाजारात जातो आणि तो मला 'नीट धरा की' म्हणतो.)

सुईने मांडीतला तुकडा काढला आणि तो अक्षताच्याच विभागात गेला. निकालाला चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी मला घरी बसवेना, म्हणून मी डबा द्यायच्या निमित्ताने तिच्या खोलीत जाऊन बसलो. डबा खाताना तिने मला सगळं समजावून सांगितलं. शरीरात गाठ कुठंही उठो, पहिला प्रश्न हा, की ती कुठल्या पेशीजाळ्यातून निघाली. कातडीतून, आतड्याच्या अस्तरातून, ग्रंथीतून निघालेला कर्करोग म्हणजे कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबी यांच्यातून निघाला तर सार्कोमा. रक्त तयार होतं तिथून निघाला तर ल्युकेमिया. आणि प्रत्येक गाठ कर्करोग नसते. चरबीची साधी गाठ लायपोमा, ती बसल्या जागी वाढते, दुसरीकडे जात नाही. मी म्हटलं, म्हणजे शेवटी 'ओमा' नुसतं आलं तर भ्यायचं नाही. तर म्हणाली, तसंही नाही अप्पा, लिम्फोमा आणि मेलानोमा ऐकायला गरीब वाटतात, पण ते कर्करोगच. नावावर जायचं नाही, काचेखाली बघायचं.

एवढ्यात दारात सर्जनसाहेब आले. तेच, ज्यांच्या केबिनबाहेर मी अडीच तास बाकावर बसलो होतो आणि जे माझ्याशी दीड वाक्य बोलले होते. ते अक्षताच्या टेबलापुढे उभे राहिले. खुर्ची रिकामी होती, तरी उभेच. बार्शीकडच्या कुणा बाईंच्या कमरेच्या हाडात गाठ होती, साहेबांना ती हाडाचीच वाटत होती.

"मॅडम, काय ठरलं?"

"सर, ही हाडाची नाही. थायरॉइडची आहे. तिथून हाडात आलीय. उपचार थायरॉइडचेच करावे लागतील."

"नक्की?"

"नक्की. तीन वेगळे रंग लावून पाहिलंय."

त्यांनी मान डोलावली, लिहून घेतलं आणि गेले. अक्षताने भाकरीचा राहिलेला तुकडा तोंडात टाकला. मी विचारलं, त्या बाईंना कळेल का हे कुणी ओळखलं ते. ती म्हणाली, कशाला कळायला पाहिजे, योग्य औषध लागू पडलं की झालं. मी तिची पाण्याची बाटली उचलून अर्धी संपवली. (डब्यातली शेंगाचटणी फार कोरडी झाली होती.)

माझ्या तुकड्याची काच मात्र तिने घेतली नाही. म्हणाली, तुमची मी बघणार नाही अप्पा, मला हवं तेच दिसायला लागेल. तिच्या थोरल्या मॅडमनी बघितली. चौथ्या दिवशी निकाल आला: लायपोमा. चरबीची साधी गाठ. आता ती काढूनही झाली, टाकेही निघाले. मग अक्षताने मला त्या दुर्बिणीतून माझीच काच दाखवली. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल गोल दाणे, एकाला एक लागून, निवांत. मी म्हटलं, हे माझं चाळीस वर्षांचं तूप. ती म्हणाली, तुपाचा काही संबंध नाही. तरी धनलक्ष्मीने तूप बंद केलंय.

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की आमची अक्षता गाठीचं कुळ आणि गाव ओळखते, आणि तिने सांगितल्याशिवाय सर्जन कात्री उचलत नाही. ऐकून गिऱ्हाईक कधीकधी चादर न घेताच जातं. जाऊ दे.

वहिनींना नमस्कार.

आपला धाकटा,
सोमशेखर

ता. क. — वहिनींचा परवा फोन आला होता. तुमच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आहे, आठ महिने झाले, आणि तुम्ही घरातसुद्धा गळ्याला उपरणं गुंडाळून बसता, असं त्या रडत रडत सांगत होत्या. सोमवारी सकाळच्या एसटीने या. अक्षताने वेळ घेऊन ठेवलीय. तुम्ही पंगतीत काय बोलला होता ते तिला आठवतही नाही; मी विचारून बघितलं.

ता. क. २ — वर 'मी घाबरलो नाही' असं लिहिलंय, ते खोटं आहे. चार दिवस मी न्हाणीघरात नळ सोडून रडत होतो. भीती वाटली तर वाटू दे, तुम्ही फक्त या.

ता. क. ३ — तिची खोली तळघरात आहे, लिफ्टच्या मागे. दारावर नाव नाही, आणि वरच्या मजल्यावर कुणाला विचारलं तर ठाऊक नसतं. मी स्टँडवर घ्यायला येतो.