उसवलेली नावं

आई, माझ्या हातानं केलेल्या वस्तू आधी सांगतो. तुझ्या शिलाई मशीनचं हे नवं लाकडी झाकण, घरामागचं लाकडी डेक, मुलीचा पाळणा, आणि इथल्या अमेरिकन कॉलेजच्या फुटबॉल टीममधल्या प्रत्येकाच्या पाठीवरचं नाव. टाका तुझा, बाकी कुणी शिकवलं नाही. हा फुटबॉल पायानं कमी, खांद्यानं जास्त खेळतात. जर्सीखाली जाड पॅड असतात, कापड ताणलं जातं, म्हणून सरळ रेषेत शिवलेलं नाव अंगावर वाकडं दिसतं. अक्षरं किंचित कमानीत बसवावी लागतात. किती कापड वाया घालवून ते कळलं, ते मलाच ठाऊक.

यंदा नवा हेड कोच आला. पहिल्याच दिवशी कॉलेजातल्या माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन त्यानं जर्सी उलटी केली आणि आतला टाका बघितला. आतली बाजू बघणारा माणूस तुझ्यानंतर मला पहिल्यांदाच भेटला. "ब्यूटिफुल वर्क," म्हणाला, आणि त्याच दमात, "आता सगळी नावं काढ. ज्याचं त्यानं कमवायचं." अकोल्याला तू ब्लाउज शिवायचीस. एकदा एका बाईनं माझ्या काजांची स्तुती केली आणि मी खुललो, तर ती गेल्यावर तू टेप माझ्या पाठीवर हाणलीस. "फार गोड बोलली ना? तिचं माप परत घे." नावं उसवता उसवता मी कोचचं माप घेत होतो. माझं काम हा बाहेरच्या कंपनीला देणार, दुसरं काय! जर्सी सिटीहून मुलगी फोनवर हसली, "बाबा, ही इज जस्ट अ कोच. तुला प्रत्येक जण गिऱ्हाईकच वाटतो."

सुरुवातीला टीम हरली, तेव्हा मला बरंच वाटलं. मग जिंकायला लागली. दर सोमवारी कोच येतो, दोन-चार नावं सांगतो, मी शिवतो. लाडक्यांचीच येतात का, यावर माझी नजर. तर नाही! मैदानात फारसा न उतरणाऱ्या एकाचंही आलं, कारण तो पाय मोडलेल्या दोस्ताला रोज वर्गापर्यंत पोचवायचा. तो आडदांड गडी माझ्या टेबलाशी उभा राहून रडला. "डोंट टेल एनीवन, सर." माझा संशय मात्र वाढतच गेला. इतकं बरोबर माप कुणाचं असतं का?

शेवटच्या मॅचला सगळ्या पाठी भरलेल्या होत्या. "आपण फॅमिली आहोत, मी कुठेही जात नाही," असं त्यानं पोरांना माझ्यासमोर सांगितलं. मॅच जिंकली. पुढच्याच आठवड्यात तो माझ्या खोलीत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. मोठ्या कॉलेजनं बोलावलं होतं. "पोरांना उद्या सांगतो. तू चल माझ्याबरोबर."

मी विचारलं, "तिथे पहिलं काम काय?"

तो हसला. "यू नो. नावं काढायची."

सगळा सीझन त्याच्यातली जी खोट शोधत होतो ती सापडली, आई, आणि मला जराही आनंद झाला नाही. हा कागद तुझ्या मशीनच्या खणात, बॉबिनांखाली राहील. तुला एवढंच सांगायचं होतं, की तो माणूस मला आवडला होता. दार लावायच्या आधी, पोरांना सांगून विचारलं असतं, तर गेलो असतो. मी नाही म्हणालो. वर्षाला नव्वद हजार डॉलर देत होता, आत्ताच्या दुप्पट.