चांदीला दार नाही

गुरुवार, दिवेलागणीची वेळ

आज आनंद झाला आणि जीवही कासावीस झाला, म्हणून लिहायला बसले. नात सायली ऑफिसातून धायरीला घरी आली की कॉम्प्युटरवर स्वतःचा खेळ बनवत बसते. त्यात मेलेली माणसं उठून जिवंतांना खातात. काय एकेक ध्यान! पण त्यात तिने माझी लोणी काळभोरची शेळी घातलीय, चांदी. बाभळीत अडकून फाटलेला तोच कान! मी कधीतरी सांगितलं होतं, पोरीने लक्षात ठेवलं.

चांदीला बोलवायला आवाजही माझाच घेतलाय. बटण दाबलं की, "ये गं चांदी, ये माझी बाय." अशी हाक घुमते आणि ती धावत येते. पण त्याच हाकेवर ते मेलेलेही येतात. मी बटण दाबलं, तर चांदी खेळातल्या घराच्या दाराशी आली आणि तिच्यामागून ते.

"अगं, दार उघड, तिला आत घे!"

"आजी, दार अजून बनवलंच नाही. नुसतं चित्र आहे ते."

"वा! घराला दार नाही आणि आधी चोर आणून ठेवलेस?"

सायली हसत सुटली. चांदी दाराशी उभी, फाटका कान हलवत. मी काय करणार? पडद्यात हात घालता येतो का? माझ्या हाकेवर आली आणि माझ्यासमोर त्यांच्या तोंडी गेली.

सायलीने खेळ पुन्हा सुरू केला. चांदी लांब चरत होती.

"मार ना हाक, आजी."

मी बटणावरचा हात काढून पदराखाली घेतला. चरतेय बाय माझी, चरू दे. दार झालं की बोलवीन.