रिबन माइकची पट्टी

सेबू, २१ मार्च २००४

प्रिय मानोय तिओ,

इकडे सगळे बरे आहेत. तातयना फारसं दिसत नाही, पण आपल्या बापाची खोड तीच. सोल्डरचा वास आला की खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसतात आणि माझ्या चुका काढतात. तुझं नाताळचं कार्ड रॉटरडॅमहून मिळालं. याही वेळी त्यावर तुझ्या या धाकट्या बहिणीचंच नाव होतं, तातयचं नाही.

रेडिओ स्टेशनने दुरुस्तीला एक रिबन माइक पाठवलाय. गुड फ्रायडेच्या बायबल-वाचनाला हवा आहे. जाळी उघडली आणि हात थांबला. आत तातयची दुरुस्तीची खूण होती, लाल धाग्याची गाठ. पंचवीस वर्षं हा माइक स्टेशनच्या कपाटात पडून होता, आणि जोराच्या वाऱ्यानेही फाटणारी ती कागदाहून पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तशीच फाटलेली.

तेव्हाचा तो गुड फ्रायडे तुला विसरता येणार नाही. वाचन ऐन रंगात आलं आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होऊन बंद पडला. तातय सगळ्यांसमोर म्हणाले, "माइकला पायमोजा न घालताच मोटरसायकलवरून आणलास ना? वारा खाल्लाय त्याने." तू म्हणालास, "घातला होता, तातय." ते म्हणाले, "वर तोंड करून खोटं बोलतोस? माझ्या टेबलाला पुन्हा हात लावू नकोस." महिन्याभरात तू जहाजावर चढलास.

मानोय, मोजा तू घातला होतास. तू मोटरसायकल काढायला गेलास तेव्हा मी तो माइकवरून काढला. अकरा वर्षांची होते, निवेदिका व्हायचं होतं. फिएस्टाच्या जत्रेत सगळे माइकवर आधी फुंकतात, तसं मीही फुंकले, दोनदा. मग मोजा नीट चढवून ठेवला. बोलणी तू खाल्लीस आणि मी दाराआड गप्प उभी राहिले. ते गप्प राहणं कालपर्यंत संपलं नव्हतं.

काल नवी पट्टी बसवली. पंखा बंद, खिडक्या बंद, श्वास रोखून, तातयनी शिकवलं तसंच. शेवटचा स्क्रू फिरवला आणि त्यांना सगळं सांगून टाकलं.

ते घाम पुसत राहिले. मग म्हणाले, "पंखा लाव." मी लावला. "पूर्वी माइक तपासायला आकडे कोण म्हणायचं?"

"मानोय तिओ," मी म्हटलं.

"मग त्याला लिही. माझा आवाज घोगरा झालाय. आणि तुझ्यावर माझा भरवसा नाही, तू फुंकशील." एवढं बोलून ते रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

माइक पायमोजात घालून ठेवलाय. नऊ एप्रिलला गुड फ्रायडे आहे. माझ्यावर राग धर, तो तुझा हक्कच आहे, पण ये आणि एक ते दहा म्हण.

फुंकर मारणारी,
तुझी इंदाय