बहमनची पाच तारीख

अण्णा, तुमच्याशी भांडायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुमच्याहून वयानं मोठी आहे, तेव्हा मधेच 'गप बस' म्हणायचा तुमचा हक्क संपला. विषय तोच, लीगचा. निजामाच्या राज्यातल्या अव्वल दर्जाच्या फुटबॉल लीगमध्ये नांदेडची टीम ज्या एकाच वर्षी खेळली ते वर्ष, आणि लातूरची ती शेवटची मॅच. तुम्ही मला दिलंत तेही लातूरलाच. सारा जन्म मी त्या मैदानाशेजारून भाजीला जाते आहे आणि अजूनही तिथं आलं की माझं डोकं फिरतं.

तुम्ही सरकारी शाळेत गणिताचे मास्तर. उर्दूत शिकवायचात, घरी मराठीत रागवायचात, आणि चेंडूला उभ्या आयुष्यात पाय लावला नव्हता. तरी टीमचं सेक्रेटरीपद तुमच्या गळ्यात पडलं आणि तुम्ही ते दागिन्यासारखं मिरवलंत. अकरा खेळाडू आणि वर तीन राखीव. त्यांत दोन विणकर, एक कोर्टातला चपराशी, अर्धापूरच्या केळीवाल्यांचे दोघे भाऊ, आणि सेंटर फॉरवर्डला तो टांगेवाला, ज्याला सगळं गाव नुसतं 'सेंटर' म्हणायचं. सगळे अनवाणी खेळायचे. दर जुम्म्याला, म्हणजे आपल्या तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी मॅच, आणि गावातच असली तर मॅचनंतर सगळ्यांची पंगत आपल्या घरी. कुणी कुठल्याही जातीचा, धर्माचा असो, एकाच ओळीत बसायचा, हा तुमचा हट्ट. हट्ट चांगला होता, नाही म्हणत नाही. पण चौदा जणांच्या भाकरी आई थापायची. चुलीपाशी खोकून खोकून तिचे डोळे लाल व्हायचे, आणि तुम्ही दारात उभं राहून दोन दिवसांच्या शिळ्या पेपरातलं लीगचं कोष्टक मोठ्यानं वाचायचात. तिला एकदा तरी विचारायचं होतंत, आज जमेल का म्हणून.

त्या कोष्टकावरूनच माझं आणि तुमचं बिनसलं. मी पंधरा वर्षांची होते. तुम्ही पंगतीसमोर आपल्या टीमचे गुण सांगत होतात आणि खुशीत होतात, कारण तुमच्या हिशेबानं आपण तळातून वर आलो होतो. मी ताक वाढता वाढता म्हणाले की बरोबरीच्या मॅचला एकच गुण मिळतो, तुम्ही दोन-दोन धरलेत, आपण अजून शेवटून दुसरेच आहोत. खरंच तसं होतं. शेवटचे दोघे लीगमधून बाहेर जाणार होते. सगळे जेवायचे थांबले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत सुद्धा नाही, आईला म्हणालात, "हिला आत घे. पोरींनी गणितात तोंड घालायचं कारण न्हाई." दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर तुम्ही गुण गुपचूप दुरुस्त केलेत, हे मला मैत्रिणीच्या भावाकडून कळलं. मला मात्र काही बोलला नाहीत. ज्या मुलीला तुम्हीच पाढे शिकवलेत, तिला तुम्ही चौदा परक्या माणसांसमोर आत पाठवलंत, अण्णा.

मग हैदराबादहून शेवटच्या मॅचचं पत्र आलं. लातूरला, बहमनच्या पाच तारखेला. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा आपण चार-चार तारखा घेऊन जगायचो. सरकारी कागदाला बहमनसारखे फसली महिने, मोटारीला आणि रेल्वेला इंग्रजी, मशिदीला हिजरी, आईच्या उपासाला तिथी. फसली महिना कधी तिसाचा, कधी एकोणतीसचा, कधी एकतीसचा. शहाणा माणूस कॅलेंडर बघायचा. तुम्ही बघणार नव्हतात. कॅलेंडर ज्यांना गणित येत नाही त्यांच्यासाठी, असं तुमचं मत. ओसरीवर उभं राहून तुम्ही बोटांवर हिशेब केलात, आधीचा महिना एकोणतीसचा होता तो तिसाचा धरलात, आणि जाहीर केलंत की मॅच शनिवारी आहे. सेंटरला शंका आली. तो भीत भीत म्हणाला, "मास्तर, आपला खेळ जुम्म्याला असतो. सनवारी कसा काय ठिवला?" तुम्ही म्हणालात, "गणित तुझं हाय का माझं?" शेवटची मॅच खास असते, हे कारणही तुम्हीच शोधून दिलंत.

लातूरला जिंकलो असतो तर आपण लीगमध्ये राहिलो असतो. पण सेंटरचं त्याहून मोठं काम होतं. हैदराबादच्या एका मोठ्या टीमचे साहेब त्याचा खेळ बघायला खास येणार होते. पसंत पडला तर सरकारी चाकरी, आणि टांगा सुटला. शुक्रवारी सकाळी तुम्ही सगळे मोटारीनं निघालात. लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचलात तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढचं मला सेंटरनं नंतर सांगितलं. मैदानावर एकटा राखणदार होता, झेंड्या गुंडाळत. तुम्ही त्याला ऐटीत विचारलंत की उद्याच्या खेळाची तयारी चालली आहे का.

"उद्याचा कुठला? खेळ आज दुपारीच व्हता," तो म्हणाला. "तुमच्याकडलं कुणी आलंच न्हाई. मंग लातूरवाल्यांनी रिकाम्या गोलात एक चेंडू घातला आन् पंचानं शिटी मारली."

सेंटरनं साहेबांचं विचारलं. साहेब चारच्या मोटारीनं गेले होते.

त्यानंतर तुम्ही काय काय बोललात ते मला पाठ आहे. फसली महिने मूर्खपणाचे आहेत. पत्रातली शाई पुसट होती. पोस्टखातं झोपलेलं आहे. माझी चूक झाली, एवढे तीन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. पुढच्या वर्षी परत वर येऊ म्हणालात, पण पुढचं वर्ष कसलं आलं? गावागावांत नको ते सुरू झालं, एका पंगतीला बसणारे एकमेकांच्या गल्लीत जाईनासे झाले, केळीवाले भाऊ कुठं गेले ते कळलंही नाही. टीम परत जमली नाही. सेंटर म्हातारा होईपर्यंत नांदेडच्या स्टेशनवर टांगा चालवत होता. मी माहेरी आले की तोच मला घरी सोडायचा. "मास्तर बरे हायेत ना, अक्का?" एवढंच विचारायचा, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत बसायचे.

तुम्ही मात्र त्या दिवसानंतर सगळीकडे एक दिवस आधी जायला लागलात. कोर्टात साक्षीला आधी, बारशाला आधी. माझ्या लग्नाचं वऱ्हाड लातूरला एक दिवस आधी आणून उभं केलंत. मांडवाला अजून खांबही नव्हते. सासरचे हसले, माझी नणंद तर मरेपर्यंत त्यावरून मला चिडवायची. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता! ती तुमची माफी होती, हे कळायला मला फार वेळ लागला. कुणापाशी मागत होतात तेही तुम्हाला ठाऊक नसावं.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. कॅलेंडर स्वयंपाकघरात चुलीसमोर लटकत होतं, किराणावाल्यानं दिलेलं, एकेका चौकोनात चारी तारखा. पत्र आलं त्याच संध्याकाळी मी बघितलं. पाच बहमन, शुक्रवार. नऊ दिवस मला माहीत होतं. मला आत पाठवलंत ना, मग मी आतच राहीन, असं मी ठरवलं होतं. कुणीतरी सांगेलच, शाळेत तुमची जरा फजिती होईल, एवढंच मला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. गुरुवारी संध्याकाळी सेंटर धपाट्यांची टोपली न्यायला आला. ताबडतोब निघालं असतं तर अजूनही पोचता आलं असतं. तो हसत म्हणाला, "अक्का, ह्या खेपेला नशीब काढून येतो बघा." मी टोपलीवर फडकं बांधलं आणि त्याच्या हातात दिली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, हे खरंच. पण तुम्ही असतात, अगदी पलीकडच्या खोलीत बसलेले असतात, तरीही मी ते तुमच्या हातात दिलं नसतं, अण्णा.